आजीच्या समाधीतलं दुसरं इष्टलिंग

ह्या सदरात लोक लिहितात ते मी वाचायला घेतो आणि बहुतेक वेळा अर्ध्यात सोडून देतो. घाटात गाडीला हात दाखवणारा म्हातारा, बंद खोलीतला पैंजणांचा आवाज... मला हसू येतं, खोटं कशाला बोलू. माझं शिक्षण केमिस्ट्रीत, नोकरी औषध कंपनीत, आणि त्यात आमचं घर लिंगायत वाण्याचं. आमच्याकडे तर भुताला एन्ट्रीच नाही! अण्णा, म्हणजे माझे वडील, लहानपणापासून सांगायचे की गळ्यात लिंग असलेला माणूस गेला की तो लिंगैक्य होतो. विषय संपला. ना पिंड, ना कावळा, ना सुतक. मागे काही उरतच नाही, तर भटकणार कोण? गल्लीतली पोरं अमावस्येला घराबाहेर पडायची नाहीत तेव्हा मी मुद्दाम छाती काढून फिरायचो.

तरीही हे लिहायला बसलोय. कुणाला घाबरवायला नाही, कारण ह्यात घाबरण्यासारखं काही नाहीच. जे झालं ते भर उन्हात झालं आणि पाच माणसांच्या डोळ्यांसमोर झालं. पण त्याचं पुढे जे झालं ते मला आजही सलतं. घरात आता हे बोलायला कुणी राहिलं नाही, म्हणून इथे.

आम्ही गेवराईचे. बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान, पणजोबांनी निजामाच्या काळात टाकलेलं. आणि गावाबाहेर, बीडकडे जाताना हायवेला लागून एक लांबट शेत. त्या शेताचा रस्त्याकडचा कोपरा आमच्या घराण्याचा. 'घराण्याचा' म्हणजे मेलेल्यांचा. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरतात तेही बसवून. मांडी घालून बसवायचं, डाव्या तळहातावर त्याचं स्वतःचं इष्टलिंग ठेवायचं, बेल वाहायचा, भस्म आणि मीठ भरून सगळं गच्च दाबून घ्यायचं, वर शहाबादी फरशी आणि त्यावर चुन्याचा कट्टा. असे कट्टे त्या कोपऱ्यात ओळीने होते. मधे एक बेलाचं झाड. लहानपणी आम्ही त्या कट्ट्यांवर बसून हुरडा खाल्लाय. भीती वगैरे काही वाटायची नाही, उलट मोठी माणसं 'सरक जरा, आजीच्या डोक्यावर बसलास' असं म्हणून चिडवायची.

इष्टलिंगाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात बाई आठव्या महिन्यात असली की मठाचे स्वामी येतात आणि पोटातल्या लेकरासाठी एक लहान लिंग देतात. ते आईच्या अंगावर बांधतात. लेकरू जन्मलं की तेच त्याच्या गळ्यात. मग ते आयुष्यभर अंगावरून उतरवायचं नाही आणि शेवटी मातीतही सोबत न्यायचं. म्हणजे प्रत्येकाचं वेगळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

आता माणसं. आजी माझ्या जन्माच्याही आधी गेली. अण्णांचे थोरले भाऊ, माझे चुलते, मी शाळेत असताना गेले. त्यांची बायको म्हणजे माझी मोठीआई. ह्या गोष्टीतलं खरं माणूस तीच. तलवाड्याची माहेरवाशीण, बोलायला फटकळ, आणि कापडाची पारख अशी की अण्णासुद्धा नवा माल आला की आधी तिच्याकडे नमुना पाठवायचे. ती दोन बोटांत कापड चोळायची आणि सांगायची की हे दोन धुण्यांत जाणार किंवा हे लेकीला आंदण द्यावं असलं हाय. तिला मूल नव्हतं. म्हणजे एक झालं होतं, मुलगी, आजी गेल्यानंतर काही वर्षांनी. जेमतेम सव्वा महिना जगली. मोठीआई तेव्हा तापाने फणफणलेली होती, उठून बसता येत नव्हतं. चुलते आणि एक सालगडी जाऊन लेकराला पुरून आले. एवढ्याशा जिवाला कट्टा कोण बांधतो? नुसती माती लोटली. चुलत्यांनी तिला एवढंच सांगितलं, की बेलाखाली, उगवतीच्या अंगाला. सालगडी पुढे ऊसतोडीला गेला तो तिकडेच राहिला. चुलते गेले. जागा माहीत असलेलं कुणीच उरलं नाही.

मोठीआई दर श्रावणात बेलाखाली जाऊन बसायची. आम्हाला वाटायचं ती चुलत्यांच्या समाधीला जाते.

मग ती वर्षं आली, पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार. गेवराईत केबल आली, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले, आणि पोरं औरंगाबादहून जीन्स आणायला लागली. कापड घ्यायचं, शिंप्याकडे टाकायचं, सणाच्या आदल्या रात्री त्याच्या दारात बसायचं, हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत आटत गेलं. कापडाची ठाणं तशीच रचलेली राहायची. अण्णांच्या मनाने घेतलं की दुकान मोडून रेडिमेडचं शोरूम करायचं, काचा, आरसे, ट्रायल रूम सकट. त्याच सुमारास तालुक्यातल्या एका पुढाऱ्याला पेट्रोल पंप मिळाला आणि त्याला हायवेला लागून जागा हवी होती. त्याने आमचं शेत मागितलं. सगळं शेत नको, रस्त्याकडची पट्टी. म्हणजे नेमका तोच कोपरा.

अण्णा महिनाभर झोपले नाहीत. शेवटी स्वामींना विचारलं. स्वामी म्हणाले, शास्त्राने समाधी हलवता येते, विधी आहे त्याचा. गावाच्या पलीकडे समाजाची जागा आहे, तिथे सगळ्यांना सन्मानाने न्या. पंपाच्या टाक्यांसाठी खोल खड्डे खोदणार, त्या आधी आपल्या माणसांना आपण हलवलेलं बरं. अण्णांना तेवढा आधार पुरला. पण सातबाऱ्यावर चुलत्यांच्या जागी मोठीआईचं नाव होतं. तिच्या सहीशिवाय काही होत नव्हतं.

तिने नाही म्हटलं नाही. ती अण्णांना म्हणाली, "भाऊजी, सगळ्यांना न्या. पण माझं लेकरू आधी घावलं पायजे. ते घावलं की त्याच दिशी सही करते. त्याला पेट्रोलखाली ठेवून मी सही करणार न्हाई."

ह्यात हट्टाचं काय होतं, तुम्हीच सांगा. अण्णांनाही ते पटलं.

ठरलेल्या दिवशी सकाळीच आम्ही शेतात गेलो. स्वामी, अण्णा, मी, आणि खोदायला दोन माणसं. मी तेव्हा नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो, रजा काढून आलो होतो. माझी आई आणि मोठीआई रिक्षाने आल्या. मोठीआई बांधावर पोतं टाकून बसली आणि तिथूनच सांगत राहिली, अजून जरा इकडं, अजून जरा रस्त्याकडं. बेलाच्या उगवतीच्या अंगाला खोदलं. नाही. रुंद केलं, कमरेएवढं खोल केलं. नाही. मुळं, मुरूम, परत मुळं. मी चाळणीने माती चाळली. हाडं एवढ्या कोवळ्या वयाची विरघळून जातात हे मला माहीत होतं, त्यामुळे मी हाडं शोधतच नव्हतो. लिंग शोधत होतो. दगडाचं लिंग विरघळत नाही.

ते नव्हतं. मावळतीकडूनही खोदलं, तिथेही नव्हतं.

ऊन तापलं तशी मोठीआई पांढरीफटक पडली. सकाळपासून तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. अण्णांनी आईला खूण केली आणि म्हणाले, वहिनीला घरी न्या, आम्ही संध्याकाळपर्यंत शोधतो. ती उठायला तयार नव्हती. "मी गेलते का तवा? न्हाई गेले. आता तरी बसू द्या," असं म्हणाली. पण तिला खरंच घेरी आली, आणि आईने आणि मी मिळून तिला रिक्षात बसवलं. ती अजून तासभर थांबली असती तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. हा विचार मी किती वेळा केलाय त्याला गणती नाही.

बेलाखाली खोदणारी माणसं दमली होती. स्वामी म्हणाले, तोवर आजीची समाधी उघडून घ्या, मुहूर्त टळायला नको. आजीचा कट्टा बेलापासून बराच बाजूला, ओळीच्या टोकाला होता. कट्टा शाबूत. चुना कुठे फुटलेला नाही, तडा नाही. पहारीने कट्टा काढला, खालची फरशी दोघांनी मिळून सरकवली. आत भस्म-मीठ-माती एकजीव होऊन दगड झालं होतं. घूस, उंदीर, मूळ, कशाचाही शिरकाव नव्हता, हे मी मुद्दाम सांगतोय कारण पुढे प्रत्येकाने मला हेच विचारलं. अण्णा स्वतः खाली उतरले. आपल्या आईला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये असं त्यांना वाटत होतं. ते खुरप्याने हळूहळू कोरत गेले. हाडं खाली बसलेली, पण मांडीची जागा कळत होती. त्या जागेवरून त्यांनी मुठीएवढा एक गोळा उचलला आणि फोडला.

आत आजीचं लिंग होतं, चांदीच्या डबीत, डबी काळी पडलेली. आणि तिला चिकटून एक छोटी पुरचुंडी. खणाच्या चिंधीत बांधलेली.

अण्णांनी ती उन्हात धरली. मीही वाकून बघत होतो. खण जांभळा होता, आणि त्याच्या काठात एक पिवळा धागा चुकून आत शिरलेला, वाकडा, बोटभर गेलेला. अण्णांनी चिंधी डोळ्यांजवळ नेली. ते तसेच खड्ड्यात खाली बसले.

नंतर त्यांनी सांगितलं ते असं. आजीच्या काळात दुकानात जाडंभरडं कापड, धोतरं, घोंगड्या एवढंच असायचं. खण दुकानात आणायला अण्णांनी सुरुवात केली, आजी गेल्यानंतर. पहिल्याच मालात एक ठाण डागी निघालं, काठात धागा चुकलेला. गिऱ्हाईकाला देता येईना म्हणून घरात वापरलं. मोठीआईला आठवा लागला आणि स्वामींनी लिंग दिलं, तेव्हा ते बांधायला त्याच ठाणाची चिंधी अण्णांनी स्वतःच्या हाताने फाडून दिली होती. कापडवाल्या माणसाला लोकांचे चेहरे एक वेळ आठवणार नाहीत, पण आपण फाडलेलं कापड तो विसरत नाही.

म्हणजे आजी गेली तेव्हा ते कापड दुकानात आलेलंही नव्हतं, आणि ते लिंग ज्याच्यासाठी होतं ते लेकरू जन्मलेलंही नव्हतं. आणि ते आजीच्या तळहातावर होतं, तिच्या लिंगाला लागून, फरशीखाली आणि चुन्याखाली.

खोदणारी माणसं मागे सरली. स्वामी खड्ड्याच्या काठाशी आले. मग म्हणाले, "उचला. नीट उचला. लेकराचं हाय."

आता पुढची गोष्ट. ह्यात अण्णांचं चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. त्यांच्या जागी आमच्यातला कुणीही असता तर त्याने तेच केलं असतं. इष्टलिंग मातीने माखलेलं घरात न्यायचं नसतं. ते लेकराच्या आईच्या हातात द्यायचं, तर धुवून, भस्म लावून, शुद्ध कापडात द्यायचं. स्वामींनी विहिरीचं पाणी आणायला सांगितलं. चिंधी सोडायला गेलो तर ती बोटांना लागताच सुटत गेली. जे काही राहिलं ते पाण्याने गेलं. मी ओल्या मातीतून तो पिवळा धागा उचलायला गेलो आणि बोटावर नुसता चिखल आला. आतलं लिंग लहानसं, बोराएवढं. धुतल्यावर ते काळं कुळकुळीत निघालं, आताच दिल्यासारखं. स्वामींनी भस्म लावलं. अण्णांनी हाडं गुंडाळायला दुकानातून पांढरं पॉपलीन आणलं होतं, त्याचा तुकडा फाडून त्यात ते बांधलं. सगळं अगदी विधीनुसार, आणि भक्तीने. आपण आपला एकुलता एक पुरावा धुवून टाकतोय हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही... माझ्याही नाही, केमिस्ट्री शिकलेल्याच्या.

उन्हं कलायच्या आत आम्ही घरी आलो. मोठीआई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. अण्णा तिच्यासमोर खाली बसले, त्यांनी पुरचुंडी तिच्या हातात दिली, आणि म्हणाले, "वहिनी, घावली."

तिचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही. तिने पुरचुंडी कपाळाला लावली. मग छातीशी धरली. थोड्या वेळाने तिने विचारलं, कुठं घावली, बेलाच्या कोणत्या अंगाला.

अण्णांना खोटं बोलता यायचं नाही. दुकानातसुद्धा ते कापडाचा डाग आधी दाखवायचे. त्यांनी जे झालं ते सांगितलं. आजीच्या हातात होतं म्हणाले. खणाची चिंधी, पिवळा धागा, सगळं सांगितलं.

ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिची दोन बोटं सवयीने त्या कापडावर फिरायला लागली. चोळलं. परत चोळलं. पुरचुंडी सोडून तिने लिंग बघितलं, मग कापडाची कड बघितली, ताजी फाडलेली.

"हे पॉपलीन हाय," ती म्हणाली. "आपल्याच दुकानातलं."

अण्णा घाईने सांगायला लागले की जुनी चिंधी विरली, म्हणून आम्ही धुवून नवीन... ती मधेच म्हणाली, "आणि ह्याला माती कावून न्हाई?"

"धुतलं, वहिनी. स्वामींनीच धुतलं."

तिने लिंग परत पॉपलीनवर ठेवलं. मग अगदी शांतपणे बोलली. ती चिडली असती तर बरं झालं असतं असं मला नंतर कितीदा वाटलं. "भाऊजी, सासूबाई गेल्या, त्याच्या मागनं माझी पोरगी झाली. मेलेल्या माणसाच्या हातात कोण नेऊन ठिवणार? तुमीच सांगता ना, आपल्यात असलं काही नसतं म्हणून. जन्मभर तेच ऐकलं मी तुमच्या घरात."

अण्णांनी शपथ घेतली. स्वतःच्या गळ्यातलं लिंग हातात धरून घेतली. आमच्यात ह्याच्याहून मोठी शपथ नाही. मीही सांगितलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलं. ह्या बाईने मला न्हाऊ-माखू घातलेलं, माझ्या शाळेच्या डब्यात जास्तीची पोळी लपवून ठेवलेली. ती म्हणाली, "तू तुझ्या बापाचा लेक हाईस. तू दुसरं काय सांगणार."

मग तिने पुरचुंडी पुन्हा बांधली आणि अण्णांसमोर ठेवली. "तुमाला सही पायजे ना? देते मी उद्या. पोरगी न्हाई घावली तर न्हाई घावली म्हणायचं, मी तरी देणारच व्हते कधी ना कधी. पण लेकराच्या नावानं असं बाजारातलं आणून नका देऊ."

तिने सही केली. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री कचेरीत, स्वच्छ अक्षरात, चौथी शिकलेली होती ती. सही करताना तिने अण्णांकडे बघितलं नाही.

स्वामींनी नंतर घरी येऊन तिला समजावलं. तिने त्यांच्या पाया पडून चहा दिला आणि विषय बदलला. ते गेल्यावर आईला म्हणाली, स्वामींना दक्षिणा कमी पडली असती का खरं सांगून? भावकीत कुजबुज झाली की विधवा बाईला फसवून सही घेतली. अण्णांच्या कानावर ते आलं, आणि त्यांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. काय देणार होते? खरं सांगितलं तर अजून हसले असते लोक. ते छोटं लिंग आम्ही नव्या जागेत पुन्हा आजीच्या लिंगाशेजारी ठेवलं आणि वर फरशी बसवली. मोठीआई त्या दिवशी आली ती फक्त चुलत्यांच्या समाधीपुरती.

पंप झाला. शोरूम झालं, चाललंही बऱ्यापैकी. पण मोठीआईने त्यानंतर कापडाला हात लावून सांगणं सोडून दिलं. अण्णा नमुना पाठवायचे, ती 'मला काय कळतंय आता' म्हणून परत पाठवायची. एसटीने माहेराहून परत येताना ती स्टँडवर उतरायची, मग रिक्षा करून बीड रस्त्याने पंपापर्यंत जायची, आणि रस्त्याच्या ह्या बाजूला उभं राहून तिकडे हात जोडायची. ट्रकवाल्यांना वाटायचं म्हातारी पंपाच्याच पाया पडते. एकदा मी सोबत होतो. मी म्हटलं, मोठीआई, ती तिथं नाही. ती म्हणाली, असू दे.

मी त्यानंतर खूप जणांना विचारलं. नावं न घेता, 'एका मित्राच्या घरी' असं म्हणून. एका डॉक्टर मित्राने सांगितलं, मिठात कापड टिकतं. बरोबर आहे, पण टिकण्याचा प्रश्नच नाही, तिथे पोचण्याचा आहे. कुणी म्हणालं, तुझ्या वडिलांची आठवण चुकली असेल, आजीच्याच एखाद्या गेलेल्या लेकराचं ते लिंग असेल आणि ते तिच्यासोबत पुरलं असेल. ह्या शक्यतेवर मी सगळ्यात जास्त विचार केला. पण मग बेलाखाली काहीच का नव्हतं? आणि तो धागा? कुणी म्हणालं, चुलत्यांनीच नंतर स्वतःच्या आईची समाधी उघडून ठेवलं असेल. तो कट्टा मी बघितलाय. पंचवीस वर्षांचा चुना सलग होता, आणि चुलते एक खिळा ठोकायचा तरी सुताराला बोलवायचे. जाऊ द्या. आधी अण्णा गेले, मग स्वामी. खोदणारी दोघं कुठे आहेत माहीत नाही. बघितलेला मी एकटाच उरलोय.

मोठीआई सगळ्यांच्या मागून गेली. शेवटी ती आमच्याच घरी होती, अंथरुणाला खिळलेली, पण डोकं लख्ख. मी पुण्याहून आलो होतो. दुपारची वेळ, घरात बाकी सगळे जेवून लवंडले होते. मी तिच्या उशाशी बसून तिला चमच्याने पाणी पाजत होतो. तिने माझा हात धरला.

"एक विचारू? खरं सांगशील?"

म्हटलं, विचार.

"टाक्या खंदल्या तवा घावली व्हती ना पोरगी? तुमी कुणी सांगितलं न्हाई मला. मी रागावत न्हाई रे आता. कुठं टाकली, तेवढं सांग."

एवढी वर्षं ती हे मनात धरून बसली होती. मला वाटायचं की आम्हाला लेकरू सापडलं नाही आणि आम्ही खोटं बोललो, असं ती समजते. तिच्या मनात त्याहून वाईट होतं.

मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. फरशीपासून पिवळ्या धाग्यापर्यंत, काहीही न गाळता, जसं इथे सांगितलं तसंच. सांगताना मला रडू आलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर तिने माझ्या हातावर थोपटलं, लहानपणी झोपवताना थोपटायची तसं.

"बरं," ती म्हणाली. "नको सांगू." आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

त्याच आठवड्यात ती गेली. तिला आम्ही नव्या जागेत बसवलं, चुलत्यांच्या शेजारी. आजीची समाधी तिथून जवळच आहे. तिला माती देऊन घरी परतताना माझ्या मनात आलं, त्या दुपारी मी तिला इतकंच म्हणायला हवं होतं, "बेलाखालीच सापडली गं, आम्ही तिला आजीजवळ ठेवली." तिने लगेच विश्वास ठेवला असता.